चार ठसे की एकटी मिनर्व्हा?

पॅरिसला नोकरीसाठी आलेल्या एका मित्राने मागच्या महिन्यात विचारलं, "जुनी फ्रेंच चांदी घ्यायची आहे. एकच वस्तू घेईन, पण खरी हवी. क्रांतीच्या आधीची बघू की एकोणिसाव्या शतकातली?" तोंडी सांगायला गेलो तर तासभर गेला आणि तो जास्तच गोंधळला. म्हणून लिहून काढतो. मी या दोन्ही वाटांनी गेलोय आणि पैसेही दोन्हीकडे घातलेत. त्यामुळे हे तटस्थ मत आहे असं कुणी समजू नये.

आधी जुन्या वाटेबद्दल, कारण मन तिकडेच ओढतं. राजेशाहीच्या काळातल्या पॅरिसच्या चांदीवर साधारण चार ठसे असतात. पहिला कारागिराचा. त्यात मुकुटाखाली लिलीचं फूल, दोन बारीक ठिपके, त्याची आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. पंधराव्या लुईचा सोनार तोमा जेर्मँ, त्याच्या ठशात मेंढ्याची लोकर असे. दुसरा कर-मक्तेदाराचा 'शार्ज', वस्तू अर्धवट असतानाच मारलेला, म्हणजे कर लागू झाल्याची नोंद. तिसरा 'जुरांद', सोनारांच्या संघाने टंच काढून मारलेलं वर्षाचं अक्षर. आणि शेवटी 'देशार्ज', कर भरून हिशेब मिटल्याची खूण. आपल्याकडच्या पेशवाईतल्या मक्त्या-इजाऱ्यांबद्दल ज्यांनी थोडंफार वाचलंय, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. हा चमचा म्हणजे चांदीत कोरलेली कराची पावती आहे. टंच, म्हणजे हजार भागांत शुद्ध चांदी किती, तो 958 च्या घरातला, आजच्या 925 पेक्षा उजवा. पॅरिसबाहेर मात्र एकच नियम नव्हता. स्ट्रासबुर्गच्या चांदीवर 13 चा आकडा दिसतो आणि तिथला टंच 812 च्या आसपास, म्हणजे बराच खाली.

ही चांदी महाग का, याचं उत्तर भट्टीत आहे. चौदाव्या लुईने 1689 मध्ये युद्धखर्चासाठी वर्सायमधलं चांदीचं फर्निचरसुद्धा वितळवलं. 1709 मध्ये पुन्हा तेच झालं, आणि 1759 मध्ये पंधराव्या लुईने तोच कित्ता गिरवला. पुढे क्रांती आली. इतक्या भट्ट्यांमधून वाचलेली वस्तू हातात आली की अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पॅरिसच्या निसीम द कामोन्दो संग्रहालयात रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनने बनवून घेतलेल्या ओर्लोफ संचातली भांडी आहेत. मित्राला म्हटलं, आधी तिथे जा, डोळे भरून बघ, खरेदीचं नंतर बोलू.

आता दुसरी वाट. क्रांतीनंतर संघ मोडले, मक्तेदार गेले, आणि 1797 च्या कायद्याने सगळं नव्याने बसवलं. निर्मात्याचा ठसा तेव्हापासून उभ्या शंकरपाळीच्या आकारात आला. सरकारी ठसा आधी कोंबड्याचा होता, 1819 पासून म्हाताऱ्याच्या डोक्याचा, आणि 10 मे 1838 पासून मिनर्व्हाचा. शिरस्त्राण घातलेली ही देवी एकदा ओळखीची झाली की बाजारातल्या दर दुसऱ्या टेबलावर भेटते. कपाळासमोर 1 असेल तर 950, हनुवटीखाली 2 असेल तर 800. छोट्या वस्तूंवर ती मावत नाही, म्हणून तिथे पॅरिसचं रानडुकराचं डोकं किंवा प्रांतांचा खेकडा. एवढं डोक्यात राहिलं तरी पुरे.

मिनर्व्हाची एक खोट सांगायलाच हवी. तिच्यावरून वय कळत नाही. तो ठसा आजही मारला जातो, आणि 1973 पासून पहिल्या दर्जाचा टंचच 925 वर आला. 1840 चा काटा आणि 1960 चा काटा एकाच देवीच्या नावाने विकला जातो. काळ नेमका हवा असेल तर शंकरपाळीतली अक्षरं आणि चिन्ह शोधत बसावं लागतं, आणि तीही पुष्कळदा अर्धीच उमटलेली असतात. शिवाय मिनर्व्हाच्या काळात पंधराव्या लुईच्या घाटाची भांडी धडाक्याने बनली. घाट बघून भुलू नये.

खरं तर कागदावर हा सामना जुन्या चांदीने जिंकायला हवा. चार ठसे म्हणजे चार साक्षीदार, आणि इकडे एकटी देवी. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं.

मग मी दोन चमचे घेतले. जुन्या बाजारात, ओळखीच्या विक्रेत्याकडून, 1770 च्या दशकातले म्हणून. दांड्याच्या मागे ठसे होते. एकावर कारागिराची अक्षरं जेमतेम वाचता येत होती, दुसऱ्यावर मुकुट आणि खाली धुकं. मी विचारलं तेव्हा विक्रेता शांतपणे म्हणाला, "घासून गेलंय. अडीचशे वर्षं झाली." पटलं. न पटायला काय झालं?

घरी आल्यावर भिंग लावलं आणि डोक्यात किडा वळवळला. उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा ताटलीवर घासून घासून टोकाला डावीकडून झिजतो. जुन्या चमच्याचं टोक म्हणूनच किंचित तिरकं दिसतं. माझ्या चमच्यांची टोकं भरलेली, गोल, गुबगुबीत. ठसा मात्र दांड्याच्या आडोशाला, जिथे बोटांखेरीज काही लागत नाही, आणि नेमका तोच झिजलेला! ओतीव नकलेत ठसा असाच मऊ येतो, कडा वितळल्यासारख्या. मी चमचे घेऊन परत गेलो. उत्तर तयार होतं. टोकं झिजली होती म्हणून कुणीतरी नंतर ठोकून, कापून नीट केली असणार, असं खूपदा करतात. आणि खरंच करतात हो! म्हणजे तेही खोटं म्हणता येईना. आणखी दोघा जाणकारांना दाखवले. एक म्हणाला खरे, दुसरा म्हणाला "मी असतो तर घेतले नसते", ज्याचा अर्थ मी अजून लावतोय.

सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा सराफाकडे टंच काढला. मशीनवर 95 टक्क्यांच्या आसपास आला. सराफ खूश, मोडीत द्यायचे का म्हणून विचारायला लागला. पण त्याने सिद्ध काय होतं? मिनर्व्हाचे दोन चमचे वितळवून कालपरवा ओतले तरी टंच एवढाच येणार. टंच धातूबद्दल बोलतो, वयाबद्दल मुका असतो.

तर मला नडलं ते नकली मालाचं भय नव्हे. नडला तो 'घासून गेलंय' हा शब्द. जुन्या चांदीत झीज हाच खरेपणाचा पुरावा आणि झीज हीच पुराव्याच्या अभावाची सबब. ठसा स्पष्ट असेल तर "इतका स्पष्ट कसा?" अशी शंका येते, अस्पष्ट असेल तर "अर्थातच, इतकी वर्षं झाली." दोन्ही बाजूंनी विक्रेताच जिंकतो. वाद संपतच नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला रात्री झोप येत नाही.

मिनर्व्हाकडे या वादावर उतारा आहे, आणि तो ठशाच्या मागच्या बाजूला आहे. 1819 पासून फ्रेंच ठसेघरात वस्तू ज्या ऐरणीवर ठेवून ठसा मारत, त्या ऐरणीच्या पृष्ठभागावरच अतिबारीक नक्षी कोरलेली असे. पॅरिसच्या ऐरणीवर चक्क किड्यांच्या आकृत्या. हिला ते 'बिगॉर्न' म्हणतात. वरून ठोका पडला की खालून नक्षी उठते, म्हणजे एका घावात दोन छाप. भिंग लावायचं, मिनर्व्हा बघायची, मग काटा उलटा करून बरोबर तिच्या पाठीमागे त्या रेघा शोधायच्या. ओतीव नकलेत या केसासारख्या रेघा आधी बुजतात. माझ्या एका काट्यावर त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातून बायकोला हाक मारली होती. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "झुरळ आहे का?"

हे सगळीकडे दिसतंच असं नाही. खूप पॉलिश झालेल्या वस्तूवर रेघा जातात, जाड भांड्यावर शोधणं कठीण जातं. पण जिथे दिसतात तिथे प्रश्न मिटतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

जाता जाता काट्यांबद्दल. फ्रान्समध्ये काटा पालथा मांडायची रीत होती, म्हणून घराण्याची अक्षरं मागे कोरलेली असतात. ती बघून "उलटं कोरलंय, नकली आहे" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं, विक्रेत्याच्या तोंडावर.

मुलाम्याच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटांवर सावध राहायला हवं. चांदीच्या निर्मात्याचा ठसा शंकरपाळीत, मुलामेवाल्याचा चौकोनात, हे पाठ करून ठेवा. मुलाम्याची भांडी बनवणाऱ्या क्रिस्तोफ्ल कंपनीच्या काट्यावर 84 दिसला की काहीजण टंच समजतात. तो डझनभर काटे-चमच्यांच्या संचावर चढवलेल्या चांदीचा ग्रॅममधला आकडा आहे. गंमत म्हणजे रशियन चांदीवरचा 84 खराच टंच असतो, 875 च्या बरोबरीचा. हंसाचा ठसा दिसला तर तो 1893 नंतरचा. धातू किमान 800 आहे एवढीच त्याची हमी, वस्तू फ्रेंच असल्याची नव्हे. परदेशातून आलेल्या किंवा मूळ न कळलेल्या मालावर तो पडतो. विक्रेते हंसाकडे बोट दाखवून "फ्रेंच, अठरावं शतक" म्हणतात तेव्हा मी नम्रपणे पुढच्या टेबलाकडे वळतो.

आणि एवढं सांगूनही तुमचा जीव राजेशाहीच्या चांदीतच अडकला असेल, तर बाजारात नको, लिलावात घ्या. तिथे 1981 च्या एका आदेशामुळे शब्दांना वजन आहे. 'एपॉक' लिहिलं तर वस्तू त्या काळातली असल्याची हमी, 'स्तील' लिहिलं तर फक्त त्या शैलीची. वर्णन चुकीचं निघालं तर लिलावानंतर 5 वर्षांपर्यंत दाद मागता येते. किटली किंवा पसरट भांडं असेल तर ठशांभोवती तोंडाची वाफ टाका, चष्म्याच्या काचेवर टाकतो तशी. दुसऱ्या वस्तूतून कापून बसवलेला ठशाचा तुकडा असेल तर झाळीची रेघ क्षणभर उमटते. ठसे नीट वाचता येत असतील, ठिकठिकाणी विखुरलेले असतील, झीज जिथे असायला हवी तिथेच असेल, तर माझ्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका. घेऊन टाका. असा चमचा मला अजून परवडलेला नाही, त्यामुळे माझ्या मतात थोडी आंबट द्राक्षंही असतील.

मित्राला मात्र मी शेवटी मिनर्व्हाचा डाव बघायला सांगितलं. पहिला दर्जा, शंकरपाळी पूर्ण, मागे रेघा. भाव चांदीच्या वजनाच्या फार वर जात नाही, आणि रोज वापरता येतो. आमच्याकडे त्याने वरण वाढतात.

ते दोन चमचे कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेत. विकून टाक, असं बायको दरवर्षी सांगते. पण गिऱ्हाईकाने भिंग लावून विचारलं की हा ठसा असा का, तर मला तेच म्हणावं लागेल ना, घासून गेलंय म्हणून.