योस्ट एसईओ: पानांची शीर्षकं बदलण्याच्या कामी कित्येक महिने वापरल्यावर

शहापुरातलं एक साडीचं दुकान, बेळगाव शहरातले एक मिठाईवाले आणि जांबोटीच्या वाटेवरचा एक होमस्टे, अशा तीन साइट मी सांभाळतो; तिन्ही वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतात. तिन्हींवर योस्ट एसईओची फुकट आवृत्ती आहे. गुगलच्या शोधात पानं नीट दिसावीत (यालाच एसईओ म्हणतात) म्हणून वर्डप्रेसला जोडायचं हे प्लगइन, म्हणजे पूरक सॉफ्टवेअर. त्यातल्या बाकीच्या सोयींना मी फारसा हात लावत नाही. पानांची शीर्षकं बदलायला मात्र ती रोज लागते, म्हणून लिहितोय तेही तेवढ्यावरच.

वर्डप्रेसमध्ये पान तयार करताना वरच्या चौकटीत आपण एक नाव टाकतो. तेच नाव पानावर मोठ्या अक्षरांत येतं, ब्राउझरच्या टॅबवर येतं, गुगलच्या निकालातली ठळक ओळ बनतं आणि जुन्या पद्धतीच्या थीममध्ये (थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) मेनूतही उतरतं. अडचण इथंच आहे. साइटवर आलेल्या माणसाला मेनूत 'आमच्या साड्या' एवढं वाचून पुरतं. पण चंदगडहून किंवा गडहिंग्लजहून लग्नाचा बस्ता बांधायला कुठं जायचं हे मोबाइलवर शोधणाऱ्या घरच्यांना 'आमच्या साड्या' म्हणजे कुणाच्या, कुठल्या, काहीच कळत नाही. योस्टमध्ये 'एसईओ टायटल' ही वेगळी चौकट मिळते. पानावर आणि मेनूत 'आमच्या साड्या' तसंच राहतं, बाहेर मात्र 'लग्नाचा बस्ता आणि रेशमी साड्या, शहापूर बेळगाव' जातं. माझ्या मते हे प्लगइन घ्यावं ते या एका सोयीसाठी.

बसवल्याबरोबर एक काम आधी उरकून घ्या. योस्ट प्रत्येक प्रकारच्या पानासाठी शीर्षकाचा साचा देतं: पानाचं नाव, मग पान क्रमांक, मग मधलं चिन्ह, मग साइटचं नाव. डॅशबोर्ड, म्हणजे साइट सांभाळायचा आतला भाग, इंग्रजीत ठेवला असेल तर वर्गवारीच्या पानांच्या साच्यात 'अर्काइव्ह्ज' हा शब्द आधीच बसलेला असतो, आणि तो इंग्रजी अक्षरांत 'रेशमी साड्या'च्या शेपटाला चिकटून गुगलवर जातो. सेटिंग्जमध्ये वर्गवारीच्या भागात जाऊन तो काढून टाकायचा. मी साच्यातून साइटचं नावही काढलं, मुख्य पान तेवढं वगळून. साडीच्या दुकानाच्या नावात आजोबांचं नाव, आडनाव आणि पुढं 'आणि सन्स' आहे. शीर्षकाची निम्मी जागा त्यातच जात होती. ऑक्टोबर २०२२ पासून गुगल मोबाइलवरच्या निकालात साइटचं नाव वरच्या बाजूला वेगळं दाखवायला लागलं, पुढं डेस्कटॉपवरही. मग तेच नाव खालच्या ओळीत पुन्हा कशाला?

मराठीसाठी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चौकटीखालची रंगीत पट्टी. ती अक्षरं मोजत नाही, रुंदी मोजते. मर्यादा ६०० पिक्सेलच्या आसपास. आपल्या लिपीला हे फार मानवतं, कारण वरच्या मात्रा, खालचे उकार आणि अनुस्वार वेगळी जागा खात नाहीत. त्याच चौकटीखाली वर्णनाची, म्हणजे गुगलच्या निकालात शीर्षकाखाली येणाऱ्या मजकुराची चौकट असते, तिथं हिशेब उलटा: १५६ अक्षरांची मर्यादा, आणि प्रत्येक काना-मात्रा सुटी मोजली जाते. 'बेळगाव' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, तिथं ते सहा भरतं. त्यामुळं शीर्षकाची पट्टी हिरवी (मर्यादेत) आणि वर्णनाची नारिंगी असं वरचेवर होतं. त्यानं गोंधळू नये. साडीच्या साइटवर कन्नड पानंही आहेत. कन्नड अक्षरं गोल आणि पसरट, तिथं तेवढ्याच आशयाला पट्टी लवकर भरते, म्हणून कन्नड शीर्षक मराठीवरून उतरवून न घेता नव्यानं आखडून लिहावं लागतं.

मिठाईवाल्या काकांचा फोन आला होता, "आमचा कुंदा मोबाइलवर अर्धाच दिसतोय बघा की ओ." त्यांच्या पानाचं शीर्षक होतं 'आमच्याकडे मिळणारा बेळगावचा प्रसिद्ध, ताजा, खव्याचा कुंदा', त्यापुढं दुकानाचं पूर्ण नाव. 'बेळगावचा कुंदा, घरपोच' एवढंच ठेवलं. महत्त्वाचा शब्द आधी घेतला की पुढचं कापलं गेलं तरी बिघडत नाही. योस्टमध्ये मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्हींचा नमुना तिथल्या तिथं दिसतो, त्यामुळं काकांना शेजारी बसवून हे पटवून देता आलं.

आता पानाच्या पत्त्याबद्दल, म्हणजे लिंकच्या शेवटच्या तुकड्याबद्दल. एसईओ टायटल बदललं तरी पत्ता बदलत नाही, आणि हे चांगलंच आहे. पण नवं पान करताना वर्डप्रेस पहिल्या नावावरून स्वतःच पत्ता बनवतं आणि देवनागरीत तो अर्ध्यावर तुटतो. कारण असं: लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांत लिहिलं जातं आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं. एकट्या 'बेळगाव'ला ५४ चिन्हं लागतात. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर टक्केवारीच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती लिंक उघडायला बिचकतात. मी पत्ता इंग्रजी अक्षरांत छोटासा देतो आणि शीर्षक देवनागरीत ठेवतो.

आधीच प्रसिद्ध केलेल्या पानाचा पत्ता बदलायची वेळ आलीच तर एक ध्यानात ठेवा. ब्लॉगच्या नोंदीचा जुना पत्ता वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे वळवतं. 'पेज' प्रकारच्या पानांना ही सोय लागू नाही. योस्टमधलं पत्ते वळवायचं साधन पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. मी त्यासाठी वेगळं फुकट प्लगइन वापरतो.

सगळं नीट लिहूनही गुगल आपण दिलेलंच शीर्षक दाखवेल याची हमी नाही, हे काम देणाऱ्या मालकांना आधीच सांगून ठेवावं. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलनं शीर्षक निवडायची पद्धत बदलली. पानावरचा मोठा मथळा किंवा दुसरा मजकूरही तिथं येऊ शकतो. महिनाभरानं त्यांनीच जाहीर केलं की सुमारे ८७ टक्के वेळा पानानं दिलेलंच शीर्षक वापरलं जातं. जून २०२२ मधली सुधारणा आपल्यासाठी त्याहून जवळची आहे: मजकूर एका लिपीत आणि शीर्षक दुसऱ्या लिपीत असेल, तर गुगल मजकुराच्या लिपीतलं शीर्षक स्वतः घडवू शकतं. आमच्या सीमाभागात मराठी मजकुरावर इंग्रजी अक्षरांतलं शीर्षक चढवायची सवय सगळीकडं दिसते. ती सोडायला हे कारण पुरे आहे. होमस्टेच्या पानावर 'पावसाळा' आणि त्यापुढं वर्ष लिहायचा मालकांचा आग्रह होता, तो मी मानला नाही. जुनं वर्ष राहून गेलेलं शीर्षक गुगल बदलतं तर बदलतंच, पण गोव्याहून चोर्ल्यामार्गे येणारा पाहुणाही ते बघून पुढचं हॉटेल धरतो.

गावाचं नाव कसं लिहायचं हा इथला खरा प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे, बिलावर आणि जीएसटीच्या कागदांवर तेच असतं. गुगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, परफॉर्मन्सच्या भागात लोक काय लिहून आले ते दिसतं, तिथं 'बेळगाव', अनुस्वाराचं 'बेळगांव' आणि इंग्रजी अक्षरांतलं जुनं नाव, सगळीच रूपं सापडतात. सगळी एका शीर्षकात कोंबलेली पानं मी पाहिली आहेत. वाचायला त्रास होतो आणि मालाचं नाव मागं पडतं. मी मराठी पानाला 'बेळगाव', कन्नड पानाला कन्नडमधलं 'बेळगावी' आणि तळाशी पत्त्यात सरकारी नाव देतो. कोणाला हे कमी वाटेल, पण ग्राहक निपाणीचा असो की हुबळीचा, त्याला आपल्या भाषेत आपलं गाव दिसायला हवं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

थीमचा एक त्रास सांगायलाच हवा. एका साइटवर टॅबमध्ये दुकानाचं नाव दोनदा यायचं, योस्टमध्ये काहीही लिहिलं तरी. मूळ डिझायनरनं थीमच्या हेडर फाइलमध्ये शीर्षकाचा टॅग हातानं लिहून त्यात नाव घातलं होतं. वर्डप्रेसनं ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१४ पासून, हे काम स्वतःकडे घेतलंय; थीमनं फक्त 'टायटल-टॅग'ची सोय चालू करायची असते. चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला हात न लावता बदल करायच्या जोडथीममध्ये, ती ओळ दुरुस्त केल्यावर प्रश्न मिटला. बदल दिसला नाही तर कॅशे (साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत) रिकामा करून बघा, आणि गुगलवर लवकर यावा म्हणून सर्च कन्सोलमध्ये पान पुन्हा तपासायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी गेलेल्या संदेशातलं जुनं नाव मात्र तसंच राहतं.

पानं पुष्कळ असतील तर योस्टच्या टूल्समधला बल्क एडिटर, म्हणजे अनेक पानं एकत्र बदलायची यादी, वापरा. जुनं शीर्षक आणि नव्याची जागा एका ओळीत दिसते, साड्यांची सगळी पानं मी तिथूनच लिहून काढली. पान चांगलं जमलं की योस्ट दाखवतं त्या हिरव्या दिव्यांच्या मागं मात्र लागू नका, ग्राहक दिवे बघून येत नाही. आणि प्लगइन कधी बंद केलंत तर शीर्षकं लगेच वर्डप्रेसच्या मूळ नावांवर जातात. लिहिलेलं पुसलं जात नाही, डेटाबेसमध्ये राहतं, आणि रँक मॅथसारखं दुसरं प्लगइन ते उचलून घेऊ शकतं. तीन-चार साइट सांभाळणाऱ्याला फुकट आवृत्ती पुरते. पत्ते सतत बदलणारं मोठं ऑनलाइन दुकान असेल तरच पैसे भरायचा विचार करा.