‘साइज तीच आहे’ म्हणत गळ्यात मारलेले टायर

वेगवान इलेक्ट्रिक गाडीला टायर घालताना फसवणूक बहुतेक वेळा या एकाच वाक्याने होते. वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते खपतं.

२०२३ पर्यंतच्या टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सच्या २० इंची चाकांचं उदाहरण घ्या. साइज २३५/३५ आर२०, म्हणजे रुंदी २३५ मिमी, रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के आणि चाक २० इंची. त्यापुढे ९२ हा भारांक (किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा) असेल, तर तो एक टायर ६३० किलो पेलतो. त्याच साइजमध्ये ८८ चा टायरही मिळतो, पण तो पेलतो ५६० किलो. चार टायरांत मिळून २८० किलोंचा फरक, आणि गाडी मुळातच बॅटरीमुळे जड. ८८ वाला स्वस्त पडतो, दुकानदार तो चढवतो आणि बिलावर नुसती साइज लिहितो. मग टायरची बाजू जास्त दबते, तापते आणि खांद्याकडून, म्हणजे कडेने, झिजते. ‘हवा थोडी जास्त भरा’ हा त्यावरचा सल्ला फसवा आहे. हवा वाढवून ८८ चा ९२ होत नाही. एक्सएल (जादा भाराचा) किंवा एचएल (त्याहून जास्त भाराचा) ही अक्षरं रबरात कोरलेलीच हवीत. ‘ईव्ही स्पेशल’ स्टिकर कुणीही चिकटवतो.

मोठं चाक म्हणजे जास्त ताकद, हा समजही विक्रीच्या कामी येतो. १८ इंचाला २३५/४५ घेतला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो: ६६९ मिमी, २० इंचीचा ६७२. पण रबराची भिंत ८२ ऐवजी १०६ मिमी होते, आणि ९८ चा टायर ७५० किलो पेलतो. खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी. अट एकच, चाक ब्रेक कॅलिपरला (ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागाला) घासता कामा नये. साधी १८ इंची चाकं परफॉर्मन्सच्या पुढच्या ब्रेकवर बसत नाहीत, हे पैसे घेईपर्यंत कुणी सांगत नाही. आधी एक चाक चढवून हाताने पूर्ण फिरवून दाखवा म्हणावं.

‘फोर्ज्ड’ (दाबून घडवलेली, जास्त मजबूत) म्हणून ओतीव चाकं विकणं तर सर्रास चालतं. चाक उलटं करून आतला भार-आकडा वाचावा. दारालगतच्या पट्टीवर एका अॅक्सलचा, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीचा, कमाल भार दिलेला असतो. चाकावरचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी असेल, किंवा आकडाच नसेल, तर चाक परत. मधलं भोकही मोजावं. मॉडेल ३ ला ६४.१ मिमी लागतं. भोक मोठं असेल आणि हब रिंग (भोकातली फट भरणारी कडी) दिली नसेल, तर बॅलन्सिंग यंत्रावर चाक निर्दोष दिसतं आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे.

जुना साठा खपवायची युक्ती आणखी सोपी. टायरवर उमटवलेल्या डीओटी या निर्मिती-कोडचे शेवटचे चार अंक, उदाहरणार्थ ३५१९, म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. पूर्ण कोड पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो. दिशा ठरलेली नसलेल्या टायरची ती बाजू आत गेली, की गाडीखाली शिरल्याशिवाय तारीख दिसत नाही. रिमवर चढवण्याआधीच चारही टायरांचे फोटो काढावेत आणि साइज, भारांक, वेगाचं अक्षर (टायरची कमाल वेगमर्यादा सांगणारं) व तारीख बिलावर लिहून घ्यावी. लिहायला जो कांकूं करतो, त्याच्याकडून टायर घेऊ नये.

आत आवाज शोषणारा फोम आहे का, हेही तेव्हाच बघावं; एकदा टायर बसला की ते कळत नाही.