मीटर म्हणत होतं ६,८०० बाकी : डिझेल व्हॅन सोळा महिने वापरल्यावर

गाडी गेल्या वर्षी जुलैत घेतली. बीएस-६ (म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमाची) डिझेल, ड्रायव्हर धरून चौदा सीट. आज मीटरवर २१,४५० आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इंजिन ऑईलचं जे झालं त्यात गाडीपेक्षा माझ्या वापराचा हात मोठा. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेली) कुठलीही डिझेल गाडी घ्या आणि माझ्यासारखी चालवा, हेच होईल.

वापर कसा, ते आधी सांगतो. जळगाव जिल्ह्यात सावद्याहून फैजपूरच्या शाळेत पोरं नेणं-आणणं. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. एक फेरी जेमतेम पाच-सहा किलोमीटरची, त्यात आठ ठिकाणी थांबा. इंजिन कुठं गरम होतंय तोवर शाळा येते, चावी बंद. सुट्टीच्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड, नाहीतर देवदर्शनाला वणी, मनुदेवी, शिर्डी.

गाडीच्या पुस्तकात ऑईल बदलायचा हिशोब २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. चावी फिरवली की मीटरवर पान्याचं चित्र येतं आणि शेजारी किती किलोमीटर बाकी तो आकडा. आमच्या आबांनी आयुष्यभर जुनी डिझेल जीप पाच हजाराला ऑईल बदलून चालवली. त्यांना हा आकडा दाखवला तर म्हणाले, "वीस हजारात मानसाचंबी तेल निंघतं." मी हसलो. नवी टेक्नॉलॉजी आहे आबा, असं काहीतरी बोललो. ते आता दर पंधरा दिवसांनी ऐकावं लागतं.

मे महिन्यातली गोष्ट. मुक्ताईनगरला लग्न होतं. दुपारी जेवणं आटोपेपर्यंत म्हाताऱ्या बायका गाडीत बसून होत्या, म्हणून दोन-अडीच तास इंजिन चालू ठेवून एसी लावला होता. बाहेरचं ऊन कसं असतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. मग पाहुण्यांना रेल्वेत बसवायला भुसावळ स्टेशनकडे निघालो. हायवेला काही नाही. भुसावळात नाहाटा चौफुलीजवळ गर्दीत गाडी उभी राहिली आणि मीटरवर लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या झारीचं चित्र, टोकाला थेंब. लागला, गेला, परत लागला.

मागून एक पाहुणे म्हणाले, "रेस द्या थोडी, जातो तो." दिली. गेला. पाय काढला, परत आला. इथंच माणूस फसतो, कारण रेस दिल्यावर दिवा जातो म्हणजे दिवाच खराब असं वाटतं. मलाही वाटलं. पण पोरांची गाडी चालवतो, लाल दिव्याला घाबरायची सवय आहे. बाजूला घेतली, बंद केली, पाहुण्यांना दोन रिक्षा करून दिल्या. एक काकू अजून त्यावरून बोलतात.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. त्यांनी विचारलं, मीटरवर किती बाकी दाखवतं? म्हटलं ६,८००. म्हणजे गाडी १३,२०० चालली होती, वर्षही झालं नव्हतं. पलीकडून उत्तर : मग ऑईलचं काही नाही, सेन्सर असेल, चालवत आणा. मी चालवत नेली नाही. फैजपूरचे आमचे मिस्त्री, त्यांना सगळे नानाच म्हणतात, त्यांना फोन केला. ते तासाभराने मोटरसायकलवर आले.

नानांनी आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढली. मला वाटलं कोरडी निघणार. ऑईल होतं. नुसतं होतं असं नाही, वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मी म्हटलं, "नाना, हे तर जास्त आहे. मग दिवा कायले लागतो?" त्यांनी थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि पट्टी माझ्या नाकासमोर धरली. डिझेलचा वास. "भाऊ, हे तेल नई राह्यलं. अर्धा टँक तुनं चेंबरमधी भरला."

चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑईलचं भांडं. त्यात अर्धा टँक डिझेल नव्हतंच, पण लिटरभर होतं. गाडी टो करून नेली, ड्रेन बोल्ट उघडला. या इंजिनात साडेसहा लिटर ऑईल बसतं, निघालं साडेसातच्या वर. दहा महिन्यांत एक थेंब टॉप-अप केला नव्हता. नानांनी कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवला. मधे काळा गोल राहिला आणि भोवती पिवळट, पातळ कडं लांबवर पसरलं. ते कडं म्हणजे डिझेल.

ऑईल वाढतं कसं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. बीएस-६ आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून आलं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची जाळी असते, ती धुरातली काजळी अडवते. काजळी साठली की इंजिन स्वतःच ती जाळून टाकतं, गॅरेजवाले त्याला रिजन म्हणतात. जाळायला जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी माझ्यासारख्या गाडीत इंजेक्टर नेहमीच्या वेळेनंतर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतो. ते डिझेल पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन जळावं अशी अपेक्षा. पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं, रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि चेंबरमधल्या ऑईलमध्ये मिसळतं. पेट्रोल असतं तर ऑईल तापल्यावर बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल तेवढ्या उष्णतेला उडत नाही, आत गेलं की बहुतेक आतच राहतं.

हायवेवर रिजन एका दमात पुरं होतं, पंधरा-वीस मिनिटांत विषय संपतो. माझं रोज काय व्हायचं? रिजन सुरू झालं की फैजपूर आलंच. चावी बंद, रिजन अर्धवट. दुपारी परत पहिल्यापासून सुरू, परत अर्धवट. प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली. कधी कधी गाडी बंद केल्यावर पंखा बराच वेळ घरघरत राहायचा, तापलेल्या लोखंडासारखा वास यायचा, उभ्या गाडीचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नेहमीपेक्षा वर असायचा. मी समजायचो, ऊन लागलंय गाडीला.

आणि पातळ झालेलं ऑईल तापलं की आणखी पातळ. हायवेवर पंप जोरात फिरतो म्हणून प्रेशर टिकतं. चौकात आरपीएम पडला की प्रेशर पडतं, लाल दिवा लुकलुकतो. नानांनी नवीन ऑईल भरल्यावर प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून इंजिन चांगलं तापवलं आणि मला काटा दाखवला. दीड बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास स्थिर, दिवा नाही. बेअरिंगला आवाज नव्हता. तेवढं नशीब. तो लाल दिवा लावणारा स्विच साधा असतो, प्रेशर फारच खाली, अर्ध्या बारच्या आसपास आल्याशिवाय तो बोलतच नाही. म्हणजे तो लागतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. आणखी दोन किलोमीटर सावकाश चालवू, असा विचार तिथं चालत नाही.

तेव्हाच कळलं की मीटरवर ऑईलचे दिवे एक नाहीत. लाल झारी म्हणजे प्रेशर : इंजिन तिथल्या तिथं बंद. पिवळी झारी, खाली लाटेसारखी रेघ, म्हणजे लेव्हल : थांबून पट्टी बघा. काही गाड्यांत लेव्हल कमी आणि जास्त दोन्हीला हाच लागतो, माझ्या गाडीत हा दिवाच नाही. पान्याचं चित्र म्हणजे नुसतं सर्व्हिसिंगचं कॅलेंडर. माझ्या गाडीचा पाना किलोमीटर आणि दिवस मोजतो, बाकी काही नाही. ऑईलला तो कधी हातही लावत नाही. महागड्या गाड्यांत थोडी हुशार पद्धत असते : किती वेळा थंड इंजिन सुरू केलं, किती वेळ उभं चालवलं, किती रिजन झाली, यावरून ती अंतर कमी करते. पण त्यातल्याही बहुतेक हिशोबच करतात, ऑईल प्रत्यक्ष तपासत नाहीत.

उभ्या गाडीचे तास हे आपल्याकडचं वेगळंच प्रकरण. मुक्ताईनगरला अडीच तास एसी चालला, मीटर एक किलोमीटरही पुढे गेलं नाही. इंजिन मात्र अडीच तास झिजलं. लग्नसराईत अशा दुपारी किती झाल्या ते मोजायलाही नको.

पुस्तक परत उघडलं तेव्हा सापडलं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'खडतर वापर' : वारंवार कमी अंतर, जास्त वेळ इंजिन उभं चालवणं, धूळ, डोंगराळ रस्ता. त्यासाठी १०,००० किंवा सहा महिने. चारातल्या चारही गोष्टी माझ्याकडे आहेत. गाडी घेताना एकानेही विचारलं नाही की तुम्ही ती चालवणार कशी. मीही वाचलं नाही, ते कबूल.

सर्व्हिस सेंटरचा राग वेगळ्याच कारणाने आहे. फेब्रुवारीत डीपीएफचा पिवळा दिवा लागला होता. तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी स्कॅनर लावला, उभ्या गाडीत रिजन करून दिलं, बिल घेतलं. डिपस्टिक काढून बघितली असती तर तेव्हाच दिसलं असतं. उभ्या गाडीतलं रिजन म्हणजे चेंबरमध्ये अजून थोडं डिझेल, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. आता ते गिऱ्हाईक गमावून बसलेत, एवढंच.

जास्त ऑईल असलं तर बिघडतं काय, असं मला तीन जणांनी विचारलंय. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) त्यात बुडून घुसळण करतो, फेस होतो, फेसाचं प्रेशर बनत नाही. आणि फार वर गेलं तर ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून ते हवेसोबत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. डिझेल इंजिन स्वतःच्या ऑईलवरही चालतं. मग चावी बंद केली तरी गाडी बंद होत नाही, आरपीएम चढतच जातो. नानांनी असं एकदा पाहिलंय, वरच्या गिअरला टाकून क्लच सोडून इंजिन मारावं लागलं. त्यामुळे पट्टीवर बोटभर वर दिसलं तर 'भरपूर आहे' म्हणून खूश होऊ नका.

ऑईल कुठलं घालायचं, यावरही वाद झाला. जळगावच्या एका दुकानदाराने १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस या जाड ऑईलचा डबा पुढे केला, म्हणाला ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्याला हेच जातं, आपल्या उन्हाला जाडच लागतं. आमच्या ट्रॅक्टरला तेच जातं आणि तिथं ते चांगलंच आहे. पण डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं. काजळी जळून जाते, ऑईलमधली राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. आणि जाळीची किंमत विचारू नका. आमच्या पुस्तकात एसीईए सी३ दर्जाचं (डीपीएफला चालणारं) ५डब्ल्यू-३० सांगितलंय, तेच घातलं. पाच हा आकडा थंडीतल्या सुरुवातीचा आहे, उन्हाळ्याचा नाही. तापलेल्या इंजिनाचा आकडा मागचा. फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, मजुरी धरून सहा हजारांच्या आत काम झालं. टोइंगचे पैसे आबांनी दिले, टोमण्यासकट.

रंगावर मात्र जाऊ नका. डिझेल इंजिनात ऑईल घातल्यावर ते थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काळं म्हणजे खराब असतं तर रोज बदलावं लागलं असतं.

आता मी काय करतो : दर रविवारी सकाळी, गाडी घरासमोरच्या सपाट फरशीवर, चूल पेटायच्या आधी पट्टी काढतो. पुसतो, घालतो, परत काढतो. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर आणि खुणेपासून किती, एवढं लिहितो. जूनमध्ये शाळा सुरू झाली तसं दर महिन्याला पट्टीवर मिलिमीटरभर चढताना दिसलं. रिजन सुरू झाल्याचा वास आला की फैजपूरला पोरं उतरवून गाडी बंद करत नाही, तशीच भुसावळ रस्त्याला घालतो, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटं, मग परत. डिझेल जातं. ऑईलपेक्षा स्वस्तच पडतं. ऑक्टोबरमध्ये १९,९०० ला, म्हणजे मेनंतर ६,७०० किलोमीटरला, ऑईल बदललं. निघालं सहा लिटर आठशे. वाढ आहे, पण लिटरभर नाही.

एक सावधगिरी : ऑईल बदलल्यावर पान्याचा आकडा रीसेट करावा लागतो, आणि तो ऑईल न बदलताही रीसेट होतो. आमच्या गाडीत चावी ऑन करून ट्रिपचं बटण दाबून धरलं की झालं. जुनी गाडी घेणाऱ्याने मीटरवर मोठा आकडा बघून भुलू नये.

बाकी गाडीबद्दल : एसी शेवटच्या सीटपर्यंत पोचतो, मागची काच सरकवायला पोरांना जोर लागतो, पिकअप भरल्या गाडीलाही बरा. कन्नड घाट दोनदा चढले, तापली नाही. शाळेच्या फेऱ्यांना ऍव्हरेज दहाच्या आत, हायवेला चौदापर्यंत. कापूस निघाला की रेडिएटरसमोर त्याचे पुंजके अडकतात, ते हाताने काढा, प्रेशरच्या पाण्याने रेडिएटरच्या पट्ट्या वाकतात.

परवाच्या रविवारची नोंद : २१,४५०, वरच्या खुणेच्या एक मिलिमीटर खाली. मीटर म्हणतंय १८,४५० बाकी. नानांना मार्चच्या शेवटी या म्हणून सांगून ठेवलंय.