व्हीसॅटला अ‍ॅक्सिलरेटर: मोडेममधला, वेगळी जोडी की नुसतं बीबीआर?

व्हीसॅट म्हणजे छोट्या डिशने उपग्रहावरून चालणारी लिंक. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणून पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायचा वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या आसपास. १० एमबीपीएसची लिंक भरायला कुठल्याही क्षणी ७५० केबी डेटा वाटेत असावा लागतो. ६४ केबीच्या विंडोचं (पोचपावतीआधी पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेचं) रडगाणं आता जुनं झालं, ती आपोआप वाढते. वेळ जातो सुरुवातीला. टीसीपी (डेटा पोचवण्याचा नेहमीचा प्रोटोकॉल) १० पॅकेटांनी निघतं आणि दर फेरीला, म्हणजे जाऊन पोचपावती आली की, दुप्पट होतं. पूर्ण वेग यायला सहा फेऱ्या, म्हणजे साडेतीन सेकंद. बहुतेक वेबपेजं त्याआधीच संपतात. अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजेच पेप, पोचपावती जागेवरच देऊन या फेऱ्या वाचवतो.

मोडेममधला पेप बऱ्याच व्हीसॅट मोडेममध्ये असतोच, जोडीदार हबवर, म्हणजे उपग्रह सेवेच्या मुख्य केंद्रावर. आयपीसेक (डेटा झाकून नेणारं व्हीपीएन) नसेल तर हाच वापरा, वेगळा डबा घेऊ नका. पण शाखेच्या राउटरवरून आयपीसेक टनेल निघत असेल, तर मोडेमपर्यंत येईतो टीसीपी हेडर झाकलेला असतो. पेप चालू दिसतो, काम शून्य.

अशा वेळी वेगळी जोडी लागते, दोन्ही टोकांना एकेक डबा. क्रम असा: लॅन, अ‍ॅक्सिलरेटर, व्हीपीएन राउटर, मोडेम. गडबड इथेच होते. डब्यात वॅनचा (उपग्रहाच्या बाजूचा) वेग लिंकच्या ९५ टक्के भरा, अपलोड-डाउनलोडचा वेगवेगळा, आणि टनेलच्या हेडरची जागा त्यातून वजा करा. जास्त भरलात तर मोडेमची रांग तुंबते, पिंग दोन सेकंदांवर जातं. परतीचा ट्रॅफिक दुसऱ्या लिंकने येत असेल तर सेशन लटकतात. डब्याची वीज काढूनही पिंग चालू राहतं का, ते बसवतानाच बघा. बायपासमध्ये, म्हणजे डबा बंद पडून राउटर आणि स्विच थेट जोडले गेल्यावर, त्यांचा स्पीड-डुप्लेक्स जुळला नाही तर लिंक बंद पडते किंवा रखडते. डीडुप्लिकेशनच्या (तोच डेटा पुन्हा न पाठवण्याच्या) जाहिरातीला भुलू नका, एचटीटीपीएसवर डब्याला उलगडू देणारं सर्टिफिकेट बसवल्याशिवाय ते चालत नाही.

बीबीआर म्हणजे टीसीपीचा पाठवायचा वेग ठरवणारी पद्धत; लिनक्सवर ती फुकट, आणि पावसात पॅकेटं गळू लागली की वेग बराच टिकवतं. पण ते पाठवणाऱ्या टोकाला लागतं: डाउनलोडसाठी मुख्यालयाच्या सर्व्हरवर, शाखेत लावून फक्त अपलोड सुधारतं. सुरुवातीच्या फेऱ्याही ते फारशा वाचवत नाही.

क्विक, म्हणजे ब्राउझर टीसीपीऐवजी वापरतात तो नवा प्रोटोकॉल, या तिन्ही पर्यायांत वेगळा विषय: यूडीपी ४४३ वरून जाताना पेप त्याला हात लावू शकत नाही. फायरवॉलवर ते अडवलं की ब्राउझर टीसीपीवर येतो. सुमारे ५५० किलोमीटरवरच्या स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटला यातला एकही डबा घेऊ नका.

चाचणी घेताना आयपर्फ (वेग मोजायचं साधन) एकाच स्ट्रीमने, म्हणजे एकाच टीसीपी जोडणीने चालवा. दहा स्ट्रीम लावले की डबा असो-नसो, आकडे सारखेच येतात.