‘माल उरलाय, निम्म्या भावात टाकून देतो’: डांबरी ड्राइव्हवेच्या नावाखाली झालेली फसवणूक

“जवळच रस्त्याचं काम चालू आहे, एक खेप माल उरलाय. वाया घालवण्यापेक्षा तुमच्या दारात टाकतो, निम्म्या भावात. पण आजच सांगा.” असं म्हणत कुणी फाटकाशी आलं तर त्याला तिथूनच वाटेला लावा. आम्हाला याच वाक्याने गंडवलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

गरम डांबर-खडी, म्हणजे हॉट मिक्स, ही गोदामात पडून राहणारी वस्तू नाही. प्लांटमधून निघताना तो माल साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस तापलेला असतो. ८०-८५ अंशांपर्यंत उतरायच्या आत तो पसरून, रोलरने दाबून व्हायला हवा. त्यानंतर कितीही रोलर फिरवला तरी खडी नीट बसत नाही, थरात पोकळ्या राहतात. माल खरंच उरलेला असेल तर तो टेम्पोत निवत असताना माणूस फाटकाशी घासाघीस करत उभा राहील का? आमच्याकडे आलेला गडी अगदी निवांत होता. त्या निवांतपणातच सगळं आलं.

फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंतचा आमचा डांबरी पट्टा जुना होता. ऊन खाऊन राखाडी पडलेला आणि मधे एका जागी जाळीदार भेगा. त्याने बुटाने जरा खरवडल्यासारखं केलं आणि म्हणाला, “पाया एक नंबर आहे काका, वरून दोन इंचाचा थर दिला की बघायला नको.” जाळीदार भेगा म्हणजे खालचा पाया बसल्याची खूण. तेवढा भाग खणून, खडी भरून, दाबून घेतल्याशिवाय वर काहीही टाकलं तरी त्या भेगा पुन्हा वर येतात. या धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

काम भर दुपारी उरकलं. जुन्या पट्ट्यावर ना झाडू फिरला, ना टॅक कोट. टॅक कोट म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून आधी फवारतात तो पातळ डांबराचा हात. टेम्पोतून माल ओतला, दाताळ्याने ओढला, हाताने ढकलायचा छोटा रोलर दोन-चार वेळा फिरवला आणि पैसे मागितले. रोखच हवे होते, आणि लगेच. संध्याकाळी पट्टा काळाभोर दिसत होता. कडक उन्हात पातळ थरही मऊ आणि तुकतुकीत दिसतो, त्यामुळे ‘छान झालंय’ असंच कुणीही म्हणेल. यांचा सगळा धंदा त्या काळ्या रंगावर चालतो.

आता एक हिशेब सांगतो, तो पाठ करून ठेवा. दाबलेल्या डांबरी थराचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं. म्हणजे १०० चौरस मीटर जागेवर दाबल्यानंतर ५० मिलिमीटरचा थर हवा असेल तर ५ घनमीटर, जवळपास १२ टन माल लागणार. तो एका छोट्या टेम्पोत येऊच शकत नाही. दुसरी मखलाशी ‘दोन इंच’ या शब्दांत असते. सैल पसरलेला माल रोलरखाली साधारण पाचवा हिस्सा बसतो. जाडी ‘दाबल्यानंतरची’ असं लिहून घेतलं नाही, तर तुमच्या पदरात सैल मोजमापच पडतं. प्रामाणिक ठेकेदार प्लांटची वजनपावती दाखवतो, तीवर माल भरल्याची वेळही असते. आमच्या माणसाकडे पावती नव्हतीच, “प्लांटवर राहिली” म्हणाला.

थोड्याच दिवसांत खडी सुटायला लागली. चाकाखाली कच उडायचा, गाडी जागच्या जागी वळवली की तिथे ओरखडा पडायचा. फोन केला तर, आश्चर्य म्हणजे, तो लगेच आला. खरी खुबी पुढेच आहे. “ऊन फार आहे ना काका, सीलकोट मारावा लागेल,” म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे घेऊन गेला.

सीलकोट म्हणजे डांबरी पट्ट्याच्या संरक्षणासाठी वरून मारतात तो पातळ हात. नव्या डांबरावर इतक्या लवकर तो मारतच नाहीत. नव्या डांबरातली हलकी तेलं हळूहळू उडून थर घट्ट व्हायला वेळ लागतो. निदान ६ महिने, शक्यतो वर्षभर थांबायचं असतं. त्यात याने फवारलं ते सीलकोट नव्हतंच. सीलकोटला वापरतात ते डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, ओतताना तपकिरी दिसतं आणि पाणी उडेल तसं काळं होत जातं. याचं पाणचट द्रव पहिल्यापासूनच काळं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल ही डांबर विरघळवणारी द्रव्यं. पट्टा आठवडा उलटला तरी सुकेना, चपलांना काळं लागून घरातल्या फरशीवर ठसे उमटायला लागले. त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद.

शेवटी दुसऱ्या एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने कडेला छिन्नी घातली तर थर जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखा सुटून हातात आला. जाडी २० मिलिमीटरसुद्धा भरेना. खालच्या बाजूला धूळ, आणि एक वाळकं पान जसंच्या तसं चिकटलेलं, देठासकट. तो काही बोलला नाही, तुकडा फक्त आमच्याकडे वळवून धरला. डिझेलने मऊ पडलेल्या थरावर नवा थर टिकत नाही, म्हणून सगळं खरवडून काढावं लागलं. स्वस्तातलं काम असं दोनदा महाग पडलं.

उष्ण हवेत डांबरकामाला एक फायदा असतो, माल हळू निवतो आणि रोलरला वेळ मिळतो. तोटा पुढचा. दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो, म्हणून ऐन उन्हाळ्यात टाकलेला नवा थर बरेच दिवस दबत राहतो. कोरड्या हंगामातले त्यातल्या त्यात थंड महिने निवडा, आणि काम सकाळी सुरू करायला लावा. सीलकोटलाही तेच: रणरणत्या उन्हात वरची साय आधी धरते आणि आतलं पाणी अडकतं. सकाळी लवकर, दोन पातळ हात, आणि पुढचे २४ तास पाऊस नको. गाडी एक-दोन दिवस बाहेरच. भेगा आधी भरून घ्या, सीलकोटने भेग बुजत नाही. आणि दर वर्षी सीलकोट करायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे, जास्त थर चढले की तेच सोलून निघतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता कडेला जाडी मोजल्यावरच. मोजायला ठेकेदार नको, पट्टी पुरते. पाण्याचा उतारही बादलीभर पाणी ओतून तिथल्या तिथे बघून घ्या, मीटरला दोन सेंटिमीटर असला म्हणजे झालं.

आमच्या तक्रारीत टेम्पोचा नंबर नव्हता, कारण नंबरप्लेटवर चिखल फासलेला होता. तुमच्या दारात असा टेम्पो आला तर बोलणं सुरू व्हायच्या आधी त्याचा आणि माणसाचा फोटो काढा. सज्जन माणूस फोटोला हरकत घेत नाही. नव्या पट्ट्यावर दुचाकी लावत असाल तर स्टँडखाली फळी ठेवा, पहिले काही महिने तरी. भर दुपारी स्टँडचा पाय डांबरात रुततो आणि त्या खळग्यात पाणी साचायला लागतं.