बुलिमियासाठी ऑनलाइन रिकव्हरी प्रोग्राम: सात-आठ महिने वापरल्यावरचा अनुभव, इंदूरहून

प्रोग्रामचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि दुसरं म्हणजे तक्रारी पण आहेत. पैसे भरायच्या आधी काय बघायचं एवढं कुणाला कळलं तरी पुरे. वजन, कॅलरी असले आकडे यात सापडणार नाहीत, प्रोग्रामच्या ग्रुपचा तो नियम मला इतका पटलाय की आता बाहेरही पाळते.

निदान बुलिमियाचं, म्हणजे ताबा सुटून खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते काढायचं, असा खाण्याचा आजार. इंदूरला सायकियाट्रिस्ट मिळाले, चांगले आहेत, औषधं अजून त्यांचीच चालू आहेत, पण खाण्याच्या आजारावरच काम करणारी पूर्ण टीम मला इथे सापडली नाही म्हणून ऑनलाइन. पॅकेजमध्ये थेरपिस्ट, डाएटिशियन, स्वतः यातून बरी झालेली एक मेंटर आणि ग्रुप. पहिल्याच कॉलला त्यांनी रक्ताचे रिपोर्ट आणि ईसीजी मागितला. नवरा म्हणाला कशाला हा खर्च, पण उलट्यांनी पोटॅशियम खाली जातं आणि त्याचा थेट हार्टवर परिणाम होतो, त्यामुळे हे काही न विचारता जे आधी पेमेंटची लिंक पाठवतात त्यांच्यापासून लांबच राहा. दातांचं पण यांनीच सांगितलं, उलटी झाली तर लगेच ब्रश नाही, फक्त चूळ भरायची, ॲसिडने मऊ पडलेलं इनॅमल घासलं की अजून झिजतं.

आता ते 'पर्सनलाइज्ड' प्रकरण. पहिला चार्ट आला त्यात ओट्स, ग्रीक योगर्ट, ॲव्होकॅडो. सुदामा नगरात सकाळी सातला ॲव्होकॅडो कोण आणून देणार भिया! आमच्याकडे सकाळी पोहे, वाफेवरचे, वरून शेव आणि जीरावन मसाला, रविवारी जिलेबी. मी तसं तोंडावर सांगितलं, तर पुढच्या कॉलला डाएटिशियनने चार्ट बाजूला ठेवला आणि नुसती विचारत बसली, स्वयंपाक कोण करतं, ताट कोण वाढतं, तू सगळ्यांचं झाल्यावर एकटीच जेवतेस का, किचनमध्ये कुणी नसतं अशी वेळ कुठली. तिथून खरं काम सुरू झालं. तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. ही पद्धत ऑक्सफर्डच्या फेअरबर्न यांच्या सीबीटी-ई या खाण्याच्या आजारांसाठीच्या, बोलून करायच्या थेरपीतली आहे, साधारण 20 आठवड्यांची असते, माझी लांबली. दिवसभर पोट मारायचं आणि रात्री बिंज, म्हणजे ताबा सुटून खात सुटायचं, हे चक्र संध्याकाळी पाचच्या खाण्याने तुटतं हे ऐकून मला हसू आलं होतं, पण तुटायला लागलं हे खरं. पूर्ण नाही, अजून वाईट आठवडे येतात.

शेवेची मला भीती होती, इंदूरमध्ये राहून शेवेची भीती म्हणजे घराबाहेर पडणंच अवघड. डाएटिशियनने थेट सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, नाही पाठवलं. आधी घरच्या पोह्यांवर चमचाभर, तेही सासूबाईंनी वाढायची, मी मोजायची नाही. थंडी आली तेव्हा सराफ्यात एका दुकानाच्या ओट्याशी उभं राहून गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, खाल्ले, नवरा काहीही न बोलता शेजारी उभा, माझा हात इतका थरथरत होता की टूथपिकवरचा तुकडा दोनदा द्रोणात पडला. घरी येऊन मेंटरला मेसेज केला, तिने शाबासकी दिली नाही, 'उद्या सकाळचे पोहे चुकवू नकोस' एवढंच लिहिलं. शाबासकीपेक्षा हे कामाचं होतं.

उपासांचा विषय मात्र अवघड गेला. चतुर्थी, एकादशी, सोमवार, उपासाच्या नावाखाली जेवण टाळलं तरी कुणाला शंकाही येत नव्हती, उलट कौतुकच व्हायचं. टीमने रिकव्हरी होईपर्यंत उपास पूर्ण बंद सांगितले. सासूबाईंना मी सांगूच शकले नसते, त्यांच्याशी मराठी बोलणारी थेरपिस्ट स्वतः बोलली, फॅमिली कॉल पॅकेजमध्ये असतो तो जरूर वापरा. त्या दोन दिवस गप्प होत्या, मग म्हणाल्या, तुझ्या वाटचा उपास मी धरते, तू जेव. त्यांना शुगर आहे, म्हणजे आता ते टेन्शन वेगळं.

ग्रुपबद्दल मी सगळ्यात कमी अपेक्षा ठेवली होती, आणि तोच सगळ्यात उपयोगी निघाला. रात्रीचं जेवण व्हिडिओवर सगळे एकत्र करतात, माइक बंद, नंतर अर्धा तास गप्पा, कारण जेवण झाल्यानंतरचा तो वेळच सगळ्यात वाईट असतो. नागपूरची एक, वडोदऱ्याची एक, ठाण्याचा एक मुलगा पण आहे, हा फक्त पोरींचा आजार नाही हे मला तिथे कळलं. एका सेशनमध्ये 1944-45चा मिनेसोटाचा प्रयोग सांगितला, ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं तर ते दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागले, काही जण रेसिपीची पुस्तकं जमवू लागले, जेवण वाढवल्यावर काहींना पोट भरल्याचं कळेनाच. मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत रेसिपीचे रील्स बघायचे आणि स्वतःला हावरट म्हणायचे. उपाशी मेंदू असंच वागतो हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तक्रारी. एका रात्री ग्रुपमध्ये कुणीतरी वजनाचा आकडा टाकला आणि तो सकाळपर्यंत तसाच, कारण नऊनंतर मॉडरेटर नसतो, फक्त ऑटो रिप्लाय येतो, आणि या आजाराची ड्युटी नऊनंतरच सुरू होते. ॲप भंगार. थालीपीठ शोधलं तर पॅनकेक दाखवतं. शिवाय सलग किती दिवस नोंद केली ते मोजणारा स्ट्रीक, एक जेवण चुकलं की शून्य, आमच्यासारख्यांना असलं काही देतात का? भांडल्यावर तो बंद करायची सोय दिली. पैसे तीन महिन्यांचे आगाऊ घेतात. इन्शुरन्समधून मला काही मिळालं नाही, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला विमा द्यायची तरतूद आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही.

वजन टीमला कळतं, मला नाही, काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. इथल्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंटने आकडा मोठ्याने वाचला, तेव्हापासून 'आकडा सांगू नका' अशी चिठ्ठी आधीच हातात देते.

चक्कर येते, छातीत धडधडतं, पाणीही पोटात राहत नाही, अशी अवस्था असेल तर हे ऑनलाइन वगैरे नंतर, आधी हॉस्पिटल. रात्री मन फारच बिथरलं आणि कुणीच नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास.

मी पुढचं पॅकेज छोटं घेतलंय, थेरपिस्ट पंधरा दिवसांनी आणि ग्रुप रोज. फक्त ग्रुप वेगळा मिळेल का विचारलं होतं, नाही म्हणाले.