बोअरचं पाणी, जाणारी लाइन आणि दोन फुटी फिश टँक: कोणता फिल्टर घ्यावा

दुकानात फिल्टर मागितला की पहिला प्रश्न येतो, टँक किती फुटाचा? विदर्भातल्या खेड्यात त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: लाइन एका वेळी किती तास जाते, आणि टँकमध्ये पाणी कुठलं भरणार. इथे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक धरला आहे. काठोकाठ भरला तर 56 लिटर. रेती आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण 45 लिटर.

आमचं मत सरळ आहे. अशा टँकला एअर पंपावर चालणारा दोन स्पंजांचा फिल्टर घ्यावा, आणि वाचलेले पैसे लाइन गेल्यावर आपोआप बॅटरीवर चालू होणाऱ्या एअर पंपात घालावेत.

कारण असं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असलं तरी अमोनिया असू शकतो, म्हणून नुसतं पाणी नितळ करणारा फिल्टर पुरत नाही. त्यात आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बहुतेक ठिकाणी 7 च्या वर असतो. पाणी 30 अंशांवर असताना सामू 7 ला अमोनियातला विषारी भाग 1 टक्क्याच्या आत राहतो, 8 ला तोच सातेक टक्क्यांवर जातो. वैशाखात फिल्टरची चूक मासे लगेच भोगतात.

कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा फिल्टर, मोठ्या टँकला उत्तम, यात वाद नाही. पण तो बंद डबा आहे. लाइन काही तास गेली की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात, आणि लाइन आली की ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. कॅनिस्टर असेलच तर लांबलेल्या लोडशेडिंगनंतर डबा उघडून आतलं पाणी फेकूनच मोटर सुरू करावी. हँग-ऑनची, म्हणजे टँकच्या काठावर टांगायच्या फिल्टरची, अडचण वेगळी: लाइन आल्यावर काही मोटरी पाणी ओढत नाहीत आणि कोरड्याच घरघरत राहतात. इंटर्नल पॉवर फिल्टर, म्हणजे टँकच्या पाण्यातच बुडवायचा मोटरचा फिल्टर, स्वस्त आहे, प्रवाहही चांगला. ताशी 200 ते 250 लिटरचा पुरे. डब्यावरचा आकडा स्पंज न घालता मोजलेला असतो, त्यामुळे थोडा वरचाच घ्यावा. मात्र कुलरच्या खसावर बसतो तोच पांढरा क्षार याच्या पंख्याच्या दांडीवर बसतो आणि मोटर अडकते. महिन्यातून एकदा पंखा बाहेर काढून लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवावा, जुन्या टूथब्रशने घासावा, स्वच्छ धुऊन बसवावा.

स्पंज फिल्टरमध्ये बिघडायला मोटरच नाही. तरी जोडणीत एक चूक हमखास होते. पंप टँकच्या खाली ठेवला आणि लाइन गेली की पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा. व्हॉल्व्हची दिशा तोंडाने फुंकून बघता येते: पंपाकडच्या बाजूने फुंकलं की हवा जाते, टँककडच्या बाजूने फुंकलं की अडते. उलटा बसवला तर बुडबुडेच येत नाहीत आणि लोक पंप खराब म्हणून परत करतात.

स्पंज धुताना नळाखाली धरू नये. ग्रामपंचायतीच्या पाण्यातली ब्लीचिंग पावडर जिवाणूंना मारते. टँकमधलंच पाणी बादलीत काढून त्यात चार-पाच वेळा पिळावा. एका वेळी एकच स्पंज, दुसरा दोन आठवड्यांनी. नव्या टँकला जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे, आणि खाद्य चिमटीभर.

आरओ मशीन फिल्टरची जागा घेत नाही, ते फक्त भरायच्या पाण्याचं काम करतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्याचा उपयोग आहे, पण निव्वळ आरओचं पाणी भरू नये. त्यात क्षार जवळपास नसल्याने सामू अचानक घसरतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजत बोअरच्या पाण्यात मिसळून 200 ते 300 वर आणलं की बहुतेक माशांना चालतं. गप्पी आणि मॉली जड पाण्यातही मजेत राहतात. आरओ घ्यायचाच नसेल तर हेच पाळावेत. उन्हाळ्यात उडून जाणाऱ्या पाण्याची भर मात्र आरओच्याच पाण्याने घालावी. पाणी उडतं, क्षार टँकमध्येच राहतात. रोज बोअरचं पाणी ओतलं तर टीडीएस चढतच जातो.

यूव्ही दिव्याने हिरवं झालेलं पाणी निवळतं, अमोनिया जात नाही. या टँकला तो खर्च नको.

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत एअर पंप फवारा येणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नये. तो तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात आणि ती कुठलाच फिल्टर वेळेत काढू शकत नाही. फवारणीची बादली टँकसाठी कधीच वापरू नये, कितीही धुतली तरी.